वर्गात चालू घडामोडी घ्यायच्या तर किती आणि कशा? कांद्याचा तास अंगाशी आलाय

कादवाकाठ:

नमस्कार सगळ्यांना. मी नाशिक जिल्ह्यात जि. प. शाळेवर आहे, सहावी ते आठवीला इतिहास, नागरिकशास्त्र, भूगोल माझ्याकडे आणि सातवीचं गणित पण. पोस्ट लांब होईल पण पूर्ण वाचून सांगा, खरंच अडलोय.

आमच्या परिपाठात रोज बातम्या असतात. प्रतिज्ञा, उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष आणि मग बातम्या. आता बातम्या म्हणजे काय तर शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तयार परिपाठ येतो, त्यातल्या चार ओळी ज्याचा नंबर असेल त्या पोराने वहीत उतरवायच्या नि माइकवर वाचायच्या. २०२३ च्या डिसेंबरात सातवीतल्या एका मुलीने वाचलं, केंद्र सरकारची कांदा निर्यातीवर बंदी, आणि त्याच सुरात लगेच पुढची बातमी क्रिकेटची. तिच्याच घरचा लाल कांदा तेव्हा ट्रॉलीत भरून दारात उभा होता, लासलगावला लिलाव बंद पडले म्हणून वडील माघारी आलेले. आपण आत्ता जे वाचलं ते त्या ट्रॉलीबद्दल आहे हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. मला ते फार लागलं, म्हटलं ही पोरगी वर्षभर बातम्या वाचतेय आणि आपण तिला काय दिलं.

पुढच्या तासाला पुस्तक बाजूला ठेवलं आणि विचारलं ही बातमी कुणाकुणाच्या घरची आहे. बत्तीसपैकी तेवीस हात वर. आठवड्याभराने लिलाव सुरळीत झाले तेव्हा म्हटलं घरी हिशोबपट्टी, म्हणजे कांदा विकल्याची पावती, आली की एक दिवस मला आणून दाखवा. एकाने आणलेली पट्टी अजून डोळ्यासमोर आहे, चार घड्या घातलेली, बापाच्या शर्टाच्या खिशात घामाने मऊ पडलेली. १८ क्विंटल ४० किलो, भाव १७५०. फळ्यावर गुणाकार केला, ३२२०० आले, पोरं खूश. मग त्यातून हमाली, तोलाई, वाराई असे बाजारातले खर्च गेले. मग मुलांनीच घरी विचारून आकडे आणले, रोपं, लागवडीची मजुरी, खतं, फवारण्या, काढणी, ट्रॅक्टरचं भाडं. शेवटची वजाबाकी झाली तेव्हा कुणी काही बोलेना.

तेवढ्यात एक मुलगी, वडील एसटीत कंडक्टर, शेती नाही त्यांची, ती म्हणाली सर आमची आई तर कांदा स्वस्त झाला म्हणते, बरं झालं म्हणते. बाकीची पोरं तिच्याकडे रागाने बघायला लागली. मी म्हटलं थांबा, ती पण बातमीच सांगतेय. मग दुसरी बाजू घेतली, दिवाळीच्या सुमाराला शहरात कांदा ६०-७० रुपये किलो झालेला, पाऊस नव्हता, २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदीतला सगळ्यात कोरडा ऑगस्ट, त्यात नोव्हेंबरच्या शेवटी आमच्याकडे गारपीट. भिंतीवर कालरेषा केली. ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरला टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य (म्हणजे त्याहून कमी भावात बाहेर विकता येत नाही), डिसेंबरला सरळ बंदी, ४ मे २०२४ ला बंदी उठली पण ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्कासकट, सप्टेंबरला शुल्क २० टक्के, १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य. ती रेषा नंतरच्या बॅचने पुढे वाढवत नेली.

यंदा भाव पडले तसा मी तोच तास परत घेतला आणि ह्या वेळी दोन्हीकडून ऐकावं लागलं. एक पालक पक्षाचं काम करतात, ते मुख्याध्यापकांकडे गेले की गुरुजी पोरांच्या डोक्यात सरकारविरुद्ध भरवतात. दुसरे पालक मला रस्त्यात अडवून म्हणाले तुम्ही सरकारची बाजू का सांगितली, पोरगं घरी येऊन मलाच शिकवायला लागलंय. मुख्याध्यापक चांगले आहेत पण म्हणाले जाऊ द्या, पुस्तकात आहे तेवढं घ्या, आपल्याला इथं नोकरी करायचीय.

आता मला सांगा, हे बंद करू का? आणि सगळ्यात अवघड म्हणजे आठवीतली पोरं सरळ विचारतात, सर तुम्हाला काय वाटतं, बंदी बरोबर की चूक? तेव्हा काय उत्तर द्यायचं?

मावळतीचा_फळा:

सर, बंद अजिबात करू नका. मी सातारा जिल्ह्यात ३४ वर्षं नोकरी करून मुख्याध्यापक म्हणून रिटायर झालो, असे पालक दर दोन वर्षांनी येतातच.

आधी नियमाचं सांगतो म्हणजे मनातली भीती जाईल. आपल्याला लागू आहेत ते जिल्हा परिषद जिल्हा सेवा वर्तणूक नियम १९६७ चे. पक्षाचं सदस्य व्हायचं नाही, प्रचार करायचा नाही, निवडणुकीत कुणासाठी वजन वापरायचं नाही. निर्यातशुल्क म्हणजे काय हे सातवीच्या पोराला समजावणं ह्यात कुठंच बसत नाही. फक्त आचारसंहिता चालू असताना जरा जपून, त्या काळात कुणी त्याचा काहीही अर्थ काढतं.

आता कामाची गोष्ट. तुमचं टाचण, म्हणजे तासाच्या तयारीची वही, बघू द्या. कांद्याचा तास टाचणात लिहिलाय का? नसेल लिहिला तर मुख्याध्यापकांच्या हातात तुमच्या बाजूने दाखवायला काहीच नाही, ते तरी काय करतील. आठवीच्या नागरिकशास्त्रात संसदीय शासन पद्धती आहे. परदेशी व्यापार हा संघसूचीतला, म्हणजे राज्यघटनेतल्या केंद्राच्या यादीतला विषय, म्हणून निर्यातबंदीचा निर्णय दिल्लीत होतो. शेती आणि बाजार राज्यसूचीत, म्हणजे राज्याच्या यादीत, म्हणून बाजार समित्या राज्याच्या १९६३ च्या कायद्यावर चालतात. तुमच्या पोरांना हे फरकासकट कळलं तर कुठल्या गाऱ्हाण्यासाठी कुणाचं दार वाजवायचं ते त्यांना कळेल, आणि हेच तर नागरिकशास्त्र आहे की. गणितात शेकडेवारी, नफा तोटा. तारीख, घटक, उद्देश असं सगळं टाचणात येऊ द्या आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत ती कालरेषा तुम्ही स्वतःच दाखवा, कुणी विचारायच्या आधी. ज्यांनी तक्रार केली त्या दोघांनाही बोलवा. ती रेषा बघितल्यावर कुणाला काही म्हणता येणार नाही कारण तिच्यात तारखा आहेत, तुमचं एक अक्षर नाही.

आणि सर तुम्हाला काय वाटतं, ह्याला माझं उत्तर ठरलेलं असायचं, बाळा माझं मत आहे, पण मी मास्तर आहे, मी सांगितलं की तू विचार करायचा थांबशील. पोरं चिडायची, पण घरी जाऊन बापाशी वाद घालून दुसऱ्या दिवशी नवीन मुद्दा आणायची.

खाडीपलीकडे:

फळा सरांचं टाचणाचं शंभर टक्के पटलं. पण मत न सांगण्याबद्दल मला थोडं वेगळं वाटतं, का ते सांगते.

मी डोंबिवलीत हायस्कूलला आहे. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामच्या बैसरनला हल्ला झाला, २६ माणसं मारली गेली, त्यात महाराष्ट्रातले सहा आणि त्यातले तिघं आमच्या डोंबिवलीचे. गाव सुन्न होतं. आमच्याकडे तेव्हा वार्षिक परीक्षा चालू होत्या म्हणजे तास वगैरे काही नव्हतेच, आणि मी पण ठरवलं होतं की पेपर होऊ दे, हा विषय नको. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी पेपर सुटल्यावर सुपरव्हिजनचे गठ्ठे बांधत होते तर मागच्या बाकावर एका मुलाने दुसऱ्याला म्हटलेलं ऐकू आलं, तुमच्या लोकांनी केलं. ज्याला म्हटलं तो आमच्याच वर्गातला, तबल्यात हुशार, पाचवीपासून आमच्याकडे. तो काही बोलला नाही. कंपास उघडून त्यातली पेन्सिल, पट्टी, खोडरबर एकेक करून परत लावत बसला, खाली मान घालून. ते बघितल्यावर मला घरी जाणं शक्यच नव्हतं.

सगळ्यांना बसवलं. दार लावलं. फळ्याचे दोन भाग केले, एका बाजूला आपल्याला पक्कं माहिती आहे ते आणि दुसऱ्या बाजूला आपण ऐकलंय ते. पोरं सांगत गेली, मी लिहीत गेले. ऐकलंय ची बाजू भरून वाहायला लागली, सगळे फॉरवर्ड आणि रील्स. पक्कं माहिती आहे मध्ये जेमतेम पाच सहा ओळी. त्यात मी एक ओळ घातली जी वर्गात कुणालाच माहिती नव्हती, की पर्यटकांना वाचवायला मध्ये पडलेला तिथला घोडेवाला सय्यद आदिल हुसेन शाह तोही त्याच हल्ल्यात मारला गेला. पेपरमधली बातमी पर्समध्ये होती, ती फिरवली. ती वाचताना ज्याने ते वाक्य टाकलं होतं त्या मुलाचा चेहरा मी बघत होते. त्याला मी सगळ्यांसमोर काही बोलले नाही, माफी मागायला लावली नाही, तो काही मुळात वाईट मुलगा नाहीये, घरी टीव्ही चोवीस तास चालू होता एवढंच. पण वर्गाला मी स्पष्ट सांगितलं, कुठल्याही माणसाला त्याच्या धर्मावरून ह्या वर्गात दोषी धरलेलं मी चालवून घेणार नाही, हे माझं मत आहे आणि मी ते लपवणार नाही.

म्हणून म्हणते सर, कांदा निर्यात बरोबर की चूक ह्यावर मत नका सांगू, तिथे शहाणी माणसं दोन्ही बाजूंना आहेत. पण रोज सकाळी आपण पोरांकडून उद्देशिका म्हणून घेतो ना, त्यातल्या बंधुतेवर घाला येईल तिथे मास्तरांना काय वाटतं हे पोरांना त्याच मिनिटाला कळलं पाहिजे. मी गप्प राहिले असते तर त्या कंपासवाल्या मुलाने माझ्या गप्प बसण्याचा काय अर्थ घेतला असता?

दोन_मुलांची_आई:

मी शिक्षिका नाही, पालक म्हणून लिहितेय, राग मानू नका. हे सगळं वाचून छान वाटलं पण सगळीकडे इतकं विचारपूर्वक होत नाही हो.

ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराची बातमी सगळीकडे होती, तेव्हा माझी मुलगी पाचवीत. तिच्या शाळेत एका मॅडमनी चालू घडामोडी म्हणून तो विषय काढला, हेतू चांगलाच असणार, पण न्यूज चॅनेलची क्लिप मोबाईलवर दाखवली, अँकर ओरडतोय, मागे जाळपोळ, दगडफेक. पोरगी घरी आली ती शाळेच्या बाथरूमला जायलाच तयार होईना. तीन आठवडे ती दिवसभर पाणी प्यायची नाही शाळेत. मला कळलं ते पण डबा घासताना बाटली तशीच भरलेली दिसली म्हणून. मॅडमना जाऊन भेटले, त्यांना पण फार वाईट वाटलं, त्यांना असं होईल कल्पनाच नव्हती.

तेव्हा माझी हात जोडून विनंती की व्हिडिओ नको. पेपरातलं छापील चालेल, फळ्यावर लिहिलेलं चालेल, पण आवाज आणि हलती चित्रं नको, निदान सातवीच्या खाली तरी. आणि असा जड विषय घेणार असाल तर आदल्या दिवशी पालकांच्या ग्रुपवर दोन ओळी टाका, म्हणजे संध्याकाळी पोर गप्प बसलं तर आम्हाला कळेल कशामुळे. पाचवीतल्या मुलीला बातमी नको होती, कुणी त्रास दिला तर कुणाला सांगायचं आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर कशाचा, एवढं हवं होतं.

घाटवाट:

ताई, तुमचं वाचून पोटात तुटलं. व्हिडिओचं एकदम बरोबर.

मी भूगोलाचा, आंबेगाव तालुक्यात होतो, आता खालापूरकडे. दोन्ही ठिकाणी डोंगर. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं, दीडशेच्या वर माणसं. ते बाहेर कळलं कसं माहितीय का, सकाळची एसटी घेऊन गेलेल्या ड्रायव्हरला गाव दिसलंच नाही म्हणून. मग २२ जुलै २०२१ ला तळीयेवर दरड. मग १९ जुलै २०२३ ची रात्र, इर्शाळवाडी, वर जायला रस्ता नाही, जवान चिखलातून चालत गेले, २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता म्हणून शोध थांबवला. तिन्ही घटना जुलैच्या आणि भूगोलाच्या पुस्तकात भूस्खलनाला दोन परिच्छेद.

इर्शाळवाडीनंतरच्या आठवड्यात माझ्या वर्गात चार पोरं अशी होती की ज्यांची वाडी तशीच डोंगराच्या कुशीत. ती रात्री झोपत नव्हती. त्यांच्यासमोर मेलेल्यांचे आकडे वाचणार का? मी नाही वाचले. पाऊस मोजायला घेतला. प्लास्टिकची बाटली वरून कापली, तोंड उलटं करून आत बसवलं, बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवली, शाळेच्या ओट्यावर ठेवली. रोज आठला दोन पोरं जाऊन बघणार नि वहीत लिहिणार. पोरांनी घरी पण बाटल्या लावल्या. आणि मग डोंगर बोलायच्या आधी काय खुणा देतो ते घेतलं, जमिनीला नवी भेग, झाडं किंवा खांब कलणं, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ होणं किंवा नसलेल्या जागी पाणी फुटणं, दारं खिडक्या अचानक अडकायला लागणं. एका मुलीने घरामागची भेग दाखवली, मी ग्रामसेवक आणि तलाठ्यांना घेऊन गेलो, बघून गेले. भेग जुनी निघाली, पण तिच्या आजीने त्या पावसाळ्यात रात्रीची झोपायची जागा बदलली, मुलांना घेऊन खाली मामाकडे.

कादवाकाठ सर, तुमची हिशोबपट्टी आणि माझी बाटली एकच काम करतात बघा. बातमी टीव्हीवरून वर्गात आली की पोरं एकतर घाबरतात नाहीतर भांडतात, आणि घरातून आली की कामाला लागतात, माझा तरी हाच अनुभव.

प्रयोगवही:

छोटंसं घालते. खाडीपलीकडे मॅडमची पक्कं माहिती / ऐकलंय ची पद्धत विज्ञानात पण चालते. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान उतरलं, पोरं नुसती नाचत होती, आणि दुसऱ्याच दिवशी ग्रुपवर चंद्राच्या मातीत अशोकस्तंभ आणि इस्रोचा शिक्का उमटल्याचा फोटो. मी पण एक क्षण फॉरवर्ड करायला गेले होते. वर्गात विचारलं, हा फोटो काढला कुणी? कॅमेरा कुठे असेल? इस्रोच्या पानावर आहे का? पोरांनीच शोधलं की रोव्हरच्या मागच्या चाकांवर ती चिन्हं खरंच आहेत, पण तो फोटो म्हणजे कुणीतरी केलेलं चित्र आहे. अर्धं खरं आणि अर्धं नाही, हे त्यांना जास्त आवडलं. अजून काही व्हायरल आलं की आधी विचारतात, मॅडम कॅमेरा कुठंय?

कादवाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री दोनदा वाचलं, बायकोलाही वाचून दाखवलं.

फळा सर, तुम्ही बरोबर पकडलंत, टाचणात लिहिलं नव्हतं. गणिताच्या तासाला घेतला म्हणून टाचणात शेकडेवारी एवढंच होतं. काल बसून पूर्ण लिहून काढलं, संघसूची राज्यसूची सकट, आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले शनिवारी समितीची बैठक आहे, कालरेषा भिंतीवरून काढू नका, लोकांना तिथेच वर्गात बसवू. त्यांनी स्वतः म्हणणं मला फार मोठं वाटलं. दोन्ही पालकांना मी फोन केला. पक्षाचं काम करणारे येतो म्हणाले. दुसरे म्हणाले कांदा भरायचाय, जमलं तर बघतो.

ताई, तुमच्या मुलीची ती भरलेली बाटली डोक्यातून जात नाहीये. आमच्याकडे स्मार्ट टीव्ही आलाय आणि मी पण बातम्यांचे व्हिडिओ लावायचा विचार करत होतो. आता नाही लावणार.

मॅडम, मत सांगण्याचं तुमचं पटलं, अगदी जसंच्या तसं. भाव आणि बंदी ह्यावर गप्प राहीन. पण त्या कंडक्टरच्या पोरीकडे बाकीच्यांनी रागाने बघितलं होतं तेव्हा मी फक्त थांबा म्हटलं होतं, त्या दिवशी अजून स्पष्ट बोलायला हवं होतं असं आता वाटतं. ती आता दहावीत, हायस्कूलला आहे.

आणि परिपाठातल्या बातम्यांचं आजच बदललं. ग्रुपवरचं उतरवायचं बंद. ज्याचा नंबर त्याने एकच बातमी आणायची, पण गावातली किंवा घरातली, आणि ती कुणाकडून कळली हे पण सांगायचं. आज पहिला नंबर सहावीतल्या एका पोराचा होता. माइकसमोर उभा राहिला आणि म्हणाला, आमच्या वस्तीवरचा ट्रान्सफॉर्मर नऊ दिवस जळलेला आहे, हे मला माझ्या आजोबांनी सांगितलं आणि मी स्वतः पण बघितलं. मागून सातवीची पोरगी ओरडली, नऊ नाही अकरा. आता दोघं मिळून वायरमनकडून खरी तारीख आणणार आहेत उद्या.